उखा आबांची बारी

उखा आबांनी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही. लोक हे कौतुकानं सांगतात. मला मात्र त्यांच्या या गुणाचा राग आहे, आणि इतकी वर्षं झाली तरी तो गेलेला नाही. त्यांनी एकदा, फक्त एकदा, आमच्या दाराची बेल दाबून "बाई, माझं काय झालं?" असं विचारलं असतं, तर मला आज हे लिहायला बसावं लागलं नसतं. राग काढायला दुसरं कुणी नाही म्हणून तो त्यांच्यावर काढते आहे, हेही मला कळतं.

आमची इमारत जळगावात, असोदा रस्त्याच्या बाजूला. तीन मजले आणि बारा घरं. मी शाळेत गणित शिकवते आणि इमारतीची सेक्रेटरी आहे. दुसरं कुणी ते व्हायला तयार नसतं आणि मला याद्या, वेळापत्रकं, सूचना लिहायची दांडगी हौस. आमचं घर सगळ्यात वर, गच्चीच्या जिन्याला लागून, त्यामुळे गच्चीची किल्लीही माझ्याकडेच. समोरच्या घरात दिलीप राहतो. तो औषधांच्या एका घाऊक दुकानात कामाला आहे. उखा आबा हे त्याचे वडील. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी त्यांचं गाव. आई गेल्यावर दिलीपनं त्यांना इथं आणलं, ते साथीच्या आधी दोन-तीन वर्षं.

आले त्याच आठवड्यात त्यांनी माझी फजिती केली. मी जिना चढत होते आणि हे मधल्या वळणावर भिंतीवरच्या पाण्याच्या नळीला तळहात लावून उभे. मला वाटलं, चक्कर आली असावी. म्हटलं, "आबा, बसता का?" तर म्हणाले, "बसू काबरं? तुन्ही टाकीनं पानी वाया जाई ऱ्हायनं." मी म्हटलं, टाकी कालच तपासली आहे. ते नळीवरचा हात काढून पुढं चढायला लागले. संध्याकाळी खालच्या चौधरींच्या न्हाणीघराच्या भिंतीतून पाणी झिरपायला लागलं, आणि प्लंबरनं जिथं भिंत फोडली ती जागा आबांच्या हाताच्या वीतभर खाली होती. त्यानंतर कुणाच्याही घरात नळ गळला की आधी आबांना बोलवायचे आणि मग प्लंबरला.

कारण आबा जन्मभर पाटकरी होते. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि पाटावर गावाची शेतं. त्या पाटावरून रोज बंधाऱ्यापासून शेवटच्या वावरापर्यंत चालत जायचं, खेकड्यांनी पाडलेली भोकं बुजवायची, कुठं काठ खचला ते बघायचं, आणि ज्याची पाळी असेल त्याच्या वावरात पाणी सोडायचं. जायला अडीच कोस आणि यायला अडीच कोस. चाळीसेक वर्षं हे केलेला माणूस जळगावच्या तिसऱ्या मजल्यावर आला म्हणून काही चालायचा थांबत नाही. पहाटे उठून ते असोद्याच्या दिशेनं निघत आणि ऊन चढायच्या आत परत येत. चालायची तऱ्हाही निराळी. पाय चिखलातून काढावा तसा उंच उचलायचे, आणि रस्त्याच्या मधून कधीच चालायचे नाहीत, कडेकडेनं, नजर खाली. खांद्यावर पंचा. दिलीपनं घेऊन दिलेले कापडी बूट पायात, त्यांची नाडी मात्र ते इतकी घट्ट बांधत की सोडताना सुनंदाला, म्हणजे त्यांच्या सुनेला, बोलवावं लागे.

"पाय चालना म्हंजे बठ्ठं चालस," असं ते म्हणत. पोट, झोप, डोकं, सगळं. माझ्या गुडघ्यांची तक्रार ऐकली की हेच, दिलीपची चिडचिड ऐकली की हेच. एकदा माझ्या वहीतला एक हिशेब चुकत होता, तर त्यावरही म्हणाले, "जाय, एक चक्कर मारी ये." मी चिडून गेले, आणि आल्यावर चूक सापडली. त्यांना सांगितलं नाही.

त्यांच्या नोकरीतली एक गोष्ट त्यांनी मला जिन्याच्या पायरीवर बसून सांगितली होती. ती इथं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पाटाच्या पाण्याच्या पाळीला ते 'बारी' म्हणत. बारीचा नियम त्यांनी स्वतःच घातलेला होता, आणि तो असा, की शेतकऱ्यानं पाणी मागायचं नाही. बारी आली की पाटकरी स्वतः बांधावर येणार आणि हाक मारणार. ती हाक त्यांनी मला करून दाखवली, "ये रे, बारी उनी!" तेव्हा खालच्या मजल्यावरची दारं उघडली. हाक येईपर्यंत गप्प बसायचं. जो आधी येऊन मागेल तो शेवटी जाईल.

मी म्हटलं, "हे काय आबा? गरज असली तर माणूस मागणारच."

"बाई, जो मांगस तो जवळना ऱ्हास. बंधाराना जवळ वावर, सरपंचना जवळ घर. शेवटला वावरवाला कव्हय मांगस? त्याले यायला अडीच कोस पडतस. म्हनीसन मी सांगं, कोनीच मांगू नका. मीच येसू, हाक मारसू."

"आणि तुम्ही एखाद्याला विसरलात तर?"

त्यांना हा प्रश्नच समजला नाही. "इसरू कसा? मी रोज जास ना तठे."

एका वर्षी त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावानं पाणी मागितलं. गहू दाण्यावर आला होता आणि वारा गरम सुटला होता. बारी यायला दोन दिवस होते. भाऊ संध्याकाळी घरी आला, ओट्यावर बसला आणि म्हणाला, दादा, उद्या सोड. आबांनी त्याला चहा पाजला आणि त्याचं नाव शेवटी टाकलं. दोन दिवसांचे नऊ दिवस झाले. नवव्या दिवशी आबा त्याच्या बांधावर गेले आणि त्यांनी हाक मारली. भाऊ वावरातच उभा होता. त्यानं एक ओंबी तोडून हातावर चोळली, फुंकर मारली. हातात दाणा राहिलाच नाही. तो म्हणाला, "आते ऱ्हाऊ दे, दादा. दुसराले दे."

भांडला नाही, शिवी दिली नाही. पुढं भाऊ लग्नाकार्यात भेटायचा, बोलायचा. आबांच्या मते हेच वाईट झालं. "भांडता तं बरं व्हतं," ते मला म्हणाले. "तो बोल माले आजूनबी ऐकू येस." मी विचारलं, मग नियम मोडावासा वाटला नाही का? तर म्हणाले, नाही, नियम बरोबरच होता. असे ते.

मग साथ आली. सगळं बंद झालं, आणि दुसऱ्याच दिवशी आबा नेहमीसारखे पहाटे निघाले. फाट्यावरच्या पोलिसानं त्यांना परत पाठवलं. मारलं वगैरे नाही, हात जोडून म्हणाला, "बाबा, तुमच्यासारख्यांनाच आधी धरतो हा रोग. घरी जा." आबा घरी आले आणि त्यांनी दिलीपला एवढंच विचारलं, "कितला दिवस?" दिलीपनं तीन आठवडे सांगितले. त्यांनी मान हलवली. पाट दुरुस्तीला बंद ठेवायचे तेही साधारण तेवढेच दिवस.

दुसऱ्या सकाळी गच्चीवर पावलं वाजायला लागली. मी टाकी बघायला म्हणून वर गेले, तर आबा कठड्याच्या कडेकडेनं चालत होते, पाय उंच उचलत, नजर खाली. मला बघून थांबले आणि त्यांनी माझ्या गच्चीवरचा त्यांचा पाट मला दाखवला. पाण्याची टाकी म्हणजे बंधारा. पश्चिमेचा कोपरा म्हणजे पाटावरची मोरी. सुनंदाच्या तुळशीची कुंडी म्हणजे एका माळ्याचं वावर, चौधरींच्या डिशचा खांब म्हणजे चिंच. खिशात चिंचोके होते. एक फेरी झाली की एक चिंचोका या खिशातून त्या खिशात. सगळे चिंचोके पलीकडे गेले की अडीच कोस झाले, मग परत उलटे. जिना उतरायच्या कोपऱ्यात, जिथं मी कोळ्यांची जाळी काढायचा कंटाळा करते, तिथं त्यांच्या भावाचं वावर होतं. तिथं ते दरवेळी जरासे थांबत.

हळूहळू त्यांच्यामागं आम्हीही चालायला लागलो. आधी सुनंदा, मग मी, मग चौधरी, तेही तोंडाला दुहेरी फडकं बांधून आणि सगळ्यांपासून दहा पावलं लांब. घरात आमची डोकी फिरायची वेळ आली होती. दिवसभर त्याच बातम्या, तोच आकडा कालच्यापेक्षा मोठा, आणि रस्त्यावरून सायरन वाजत गेला की प्रत्येक घरातलं बोलणं मध्येच थांबायचं. शाळा मोबाइलवर आली होती आणि मी भिंतीकडे तोंड करून अपूर्णांक शिकवत होते. त्या अर्ध्या तासात मात्र श्वास पुरेसा यायचा. गच्चीवरून असोद्याकडच्या केळीच्या बागा दिसत. काही बागांत घड झाडावरच पिवळे पडून राहिले होते, कापायला माणूस नव्हता आणि न्यायला गाडी नव्हती. आबा तिकडे बघत. "चला, चला," एवढंच म्हणत.

तीन आठवड्यांनंतर बंदी वाढली, मग आणखी वाढली. उन्हाळा पेटला. आणि एका दुपारी शेजारच्या इमारतीतल्या बाईंना नेलं. पांढऱ्या पोशाखातली माणसं आली, गल्लीच्या तोंडाला बांबू लागले. त्या बाईंची गच्ची आणि आमची गच्ची यात फक्त एक हात अंतर. इमारतीच्या मोबाइल ग्रुपवर त्या दिवशी जे काही लिहिलं गेलं, ते मी पुसून टाकलं आहे. शेवटी ठरलं की गच्चीला कुलूप लावायचं. मीच सूचना लिहिली. कुलूपही मीच लावलं.

कुलूप लावून मागं वळले तर पायरीवर आबा, बूट घालून, पंचा खांद्यावर.

"आबा, काही दिवस गच्ची बंद," मी म्हटलं. "बांबू निघाले की उघडू. पण तेव्हा सगळ्यांनी एकदम जायचं नाही. मी प्रत्येक घराला अर्ध्या अर्ध्या तासाची बारी लावून देणार आहे." त्यांचा शब्द वापरला म्हणून मी स्वतःवर खूशही होते.

त्यांचा चेहरा उजळला. "बारी लावशी? झकास."

"हो. तुमची बारी आली की मी सांगते."

"तू सांगशी ना?"

"मी स्वतः येऊन सांगेन."

"मंग झायं," ते म्हणाले, आणि खाली उतरले. जाताना नळीवर तळहात ठेवून गेले.

पुढचे तीन-चार आठवडे समोरच्या घरातून मला जे ऐकू यायचं, त्यावरून मी काहीच ओळखलं नाही. आधी ते घरातच चालायचे, हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत. खालून चौधरींचा फोन आला, डोक्यावर हातोडा पडल्यासारखं वाटतं, जरा सांगाल का? मी सांगितलं. सुनंदानं आबांना बूट काढून चालायला सांगितलं, तर त्यांनी चालणंच बंद केलं. दिलीपला त्या दिवसांत सुट्टी नव्हती. औषधं लागत होतीच. तो रोज दुकानात जायचा, आणि आपल्यामुळे बापाला काही होईल या धास्तीनं वाळत चालला होता. त्यानं आबांना मागच्या खोलीत ठेवलं. ताट दाराशी, पाणी दाराशी. बापाच्या जिवासाठीच करत होता. पण आबांनी रस्ता, गच्ची, हॉल असं करत करत खोलीएवढ्या जागेत यावं, हे काही कुणी बसून ठरवलं नव्हतं.

सुनंदा गॅलरीतून मला सांगायची. आबा जेवत नाहीत. आबा झोपत नाहीत, दुपारी डुलकी लागते आणि दचकून उठतात. काल मला म्हणाले, पानी शेवटलोंग पोचनं का? मी म्हणायचे, अगं, सगळ्यांचंच असं झालंय. मला तरी कुठं झोप येते? हे खरंच होतं, म्हणून ते बोलणं मला पुरेसं वाटलं.

बांबू निघाले. त्याच संध्याकाळी मी वेळापत्रक केलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात देखणं वेळापत्रक असेल ते. बारा घरं, सकाळचे आणि संध्याकाळचे अर्धे अर्धे तास, मध्ये कठडा पुसायला दहा मिनिटं. दिलीपच्या घराला मी मुद्दाम सकाळी साडेसहाची वेळ दिली, आबांसाठी. ग्रुपवर टाकलं. बाराच्या बारा घरांनी अंगठे दाखवले. दिलीपचाही अंगठा होता.

माझ्या दृष्टीनं मी सांगितलं होतं.

पहिल्या दिवशी साडेसहाला गच्चीवर कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चार दिवस वाट बघितली आणि वाटलं, आबा घाबरले असतील, किंवा दिलीपनंच नको म्हटलं असेल. पाचव्या दिवशी चौधरींनी ती वेळ मागितली. ग्रुपवर त्यांनी फार नम्रपणे लिहिलं होतं. मी ती वेळ त्यांना देऊन टाकली.

रोज सकाळी चौधरींना कुलूप उघडून द्यायला मी बाहेर यायचे, तेव्हा समोरचं दार उघडं असायचं. लोखंडी जाळीचा दरवाजा तेवढा लावलेला. जाळीमागं प्लॅस्टिकच्या खुर्चीवर आबा बसलेले असायचे, अंघोळ केलेले, टोपी घातलेले. मी चौधरींशी दोन शब्द बोलून परत वळताना हात हलवायचे.

"काय आबा, बरं आहे ना?"

"शे ना," ते म्हणायचे.

आणि मी घरात जायचे. असं एक महिना आणि वर काही दिवस चाललं. मी गणित शिकवते, दिवस मोजता येतात मला, पण हे मी मोजलेले नाहीत. जाळी दाट होती, कमरेखालचं दिसत नव्हतं. बूट दिसले असते तर मला कळलं असतं, असं मी अजूनही स्वतःला सांगते.

एक दिवस दुपारी सुनंदा आली. ओढणी तोंडावर धरून दारातच उभी राहिली आणि रडायला लागली. म्हणाली, "मॅडम, तुम्ही आबांना एकदा समजवा. दिलीपचं ऐकत नाहीत, माझं ऐकत नाहीत. ते त्या खुर्चीवरून उठतच नाहीत."

"सकाळी बसतात ते? हवा खायला?"

"सकाळी कुठं, दिवसभर. महिना झाला. त्या खोलीतून ते स्वतःच बाहेर आले, खुर्ची ओढली आणि दाराशी बसले. उठल्या उठल्या बूट घालतात. घातले की काढू देत नाहीत. जेवायलाही तिथंच. काल..." तिनं आवाज खाली आणला. "काल कपड्यातच झालं त्यांचं. बाथरूमला जा म्हटलं तर म्हणतात, मी जाई बसू आनि तव्हय ती उनी तं?"

"कोण?"

"तुम्हीच मॅडम, पण कशासाठी तेच कळत नाही. रोज सकाळी मला विचारतात, बाई उनी व्हती का? मी म्हणते, हो आबा, आल्या होत्या, तुमच्याशी बोलल्या की. तर म्हणतात, बोलनी, पन तिनी सांगं नही."

माझ्या हातात पीठ होतं, मी तेव्हा कणीक मळत होते. मला तो जिना आठवला, कुलूप आठवलं, माझा स्वतःचा आवाज आठवला. मी स्वतः येऊन सांगेन. चाळीस वर्षांत एकही बांध न विसरलेला माणूस माझी वाट बघत बसला होता. मी रोज त्याच्या बांधावर येत होते, हात हलवत होते, आणि त्याच्या देखत त्याचं पाणी दुसऱ्याला देऊन परत जात होते. तो मागणार नव्हता. मागितलं असतं तर त्याच्याच नियमानं तो शेवटी गेला असता.

मी हात न धुताच किल्ली घेतली आणि समोर गेले. दुपारी कुणाचीच वेळ नव्हती, आणि असती तरी मला त्याचं काही वाटलं नसतं. आबा खुर्चीत होते. महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांना जाळीशिवाय बघितलं. मांड्यांचं मांस गेलेलं, पायजमा रिकामा वाटत होता. बुटांच्या नाड्या मात्र तशाच, घट्ट.

"आबा," मी म्हटलं, "चला. तुमची बारी आली."

त्यांनी मान वर केली. माझ्या हातातली किल्ली बघितली. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागले. सुनंदा धरायला आली तर तिला त्यांनी थांबवलं. गच्चीला जाणाऱ्या बावीस पायऱ्या ते कठडा धरून चढले, दर दोन-तीन पायऱ्यांवर थांबत. मी मागं होते. मी माफी मागत होते, काहीबाही बोलत होते, ग्रुप, अंगठा, दिलीप, चौधरी. त्यांना त्यातलं काही ऐकू येत होतं की नाही कुणास ठाऊक.

कुलूप उघडलं. पाऊस लांबला होता, ऊन भगभगीत होतं, वारा गरम होता. आबा उंबऱ्याबाहेर आले आणि सवयीनं कडेला गेले. टाकीपासून सुरुवात केली. पाय उचलायला बघितला, तो उचलेना. पाय फरशीवर घासत चार-पाच पावलं पुढं गेले. तुळशीची कुंडी होती तिच्यात नुसत्या काड्या उरल्या होत्या, गच्ची बंद होती तेव्हा पाणी घालायला कुणी वर आलंच नव्हतं. आबा वाकले. एक काडी मोडली, दोन बोटांत चुरली आणि हातावर फुंकर मारली.

भावाची गोष्ट सांगताना त्यांनी करून दाखवलेलं ते हाताचं वळण मला ओळखीचं होतं. पुढं काय येणार हे कळलं आणि मी म्हटलं, "आबा, नको. बसा जरा. पाणी आणते."

"मना मांगे कोनी बारी शे?" त्यांनी विचारलं.

"कुणाची नाही. तुमचीच आहे. आज दिवसभर तुमचीच."

"तसं नसतं व्हत, बाई." ते मला शिकवत असल्यासारखे म्हणाले. मग कठड्याला टेकले, लांब बागांकडे बघितलं. "आते ऱ्हाऊ दे. दुसराले दे."

ते रागावून म्हणाले असते तर मी पाय धरले असते. पण राग नव्हताच. जणू मी त्यांचीच नोकरी करत होते आणि ती बरोबरच केली होती.

त्यानंतर आम्ही खूप केलं. दिलीपनं डॉक्टरांना फोनवर दाखवलं, त्यांनी झोपेच्या आणि मनाच्या गोळ्या दिल्या, रोज थोडं चालवा म्हणाले. मी रोज साडेसहाला जाळीशी जाऊन हाक मारायचे. चौधरींनी स्वतः येऊन ती वेळ परत केली आणि आबांच्या समोर उभे राहून रडले. आबांनी त्यांना चहा द्यायला सांगितला. हाक मारली की आबा उठायचे, यायचे, दोन फेऱ्या व्हायच्या, हात धरून. चिंचोके कुठं आहेत विचारलं तर म्हणाले, सांडना. पूर्वी मी काहीही बोलले तरी त्यांच्याकडे त्यावर एक गोष्ट असायची. आता मीच बोलायचे आणि ते "शे ना" म्हणायचे. बूट त्यांनी सोडले होते. अनवाणीच यायचे, आणि सुनंदानं घालायला घेतले तर पाय आत ओढून घ्यायचे.

पावसाळा संपता संपता रस्ते उघडले आणि दिलीपनं त्यांना गावी न्यायचं ठरवलं. तिथं भावाचा मुलगा होता, मोकळं अंगण होतं, पाट होता. मलाही ते पटलं. गाडी फाटकाशी आली. आबांना मागच्या सीटवर बसवलं, मांडीवर पंचा. मी खिडकीशी वाकले. खूप बोलायचं ठरवलं होतं, पण तोंडातून भलतंच आलं.

"आबा, गावी पाटावर फिरायला जाल ना रोज?"

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. हातात गच्चीची किल्ली होती, आणि ती का घेऊन आले होते ते मलाही सांगता येणार नाही.

"कोनी बलावं तं जासू," ते म्हणाले.

मी धावत दिलीपच्या बाजूला गेले. त्याला सांगितलं, तिथं सगळ्यांना सांग, त्यांना रोज हाक मारावी लागेल, ते आपणहून उठणार नाहीत, विचारणार नाहीत, रोज कुणीतरी जाऊन बोलवायला हवं. दिलीप सामान बांधलेली दोरी ओढून बघत होता. "हो मॅडम, सांगतो की," तो म्हणाला.

गाडी निघाली. मी जिना चढून गच्चीवर गेले, कारण तिथून हमरस्त्याला लागणारं वळण दिसतं. गाडीच्या मागच्या काचेतून आबांची पांढरी टोपी दिसत होती. ती डावीकडे वळली नाही, उजवीकडे वळली नाही. शेजारनं केळीच्या बागा गेल्या, मध्ये एक पाण्यानं भरलेली चारी गेली, तेव्हाही टोपी समोरच होती. वळणावर गाडी दिसेनाशी झाली.

दिलीप अजून समोरच राहतो. जिन्यात रोज भेटतो. गावी त्यांना शेवटपर्यंत कुणी हाक मारत होतं का, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.